रेषेला स्वतःचा रंग नको

रुग्णालयाच्या एखाद्या मजल्याचं विजेचं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर उघडलं की पहिल्यांदा पाहणाऱ्याला नुसता रेषांचा गुंता दिसतो. खाली आर्किटेक्टच्या भिंती, दारं, खांब. त्यांवर दिवे, पंखे, स्विचबोर्ड, पॉवर सॉकेट, केबल ट्रे, फायर अलार्म, नर्सला बोलावायची घंटा, डेटाच्या तारा, अर्थिंग. हे सगळं एकाच फाइलमध्ये, एकमेकांच्या अंगावर. साइटवर मात्र दिवे लावणाऱ्याला दिव्यांचंच शीट लागतं आणि फायर अलार्मवाल्याला फक्त त्याचं. एका फाइलमधून ही वेगवेगळी शीट निघतात ती लेयरच्या जोरावर.

कॅडमधली, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमधली, प्रत्येक रेघ, प्रत्येक अक्षर कुठल्यातरी लेयरवर असतंच. लेयरशिवाय काही काढताच येत नाही. लेयरला नाव असतं आणि नावासोबत काही गुणधर्म असतात. रंग कोणता, रेघ सलग की तुटक, कागदावर किती जाड उमटायची, पडद्यावर दिसायची की नाही, छापायची की नाही, तिला हात लावता येईल की तिच्यावर कुलूप. दिव्यांचा लेयर बंद केला की सगळे दिवे एकदम दिसेनासे होतात आणि भिंती जागच्या जागी राहतात. सोय इतकी साधी आहे, आणि एकाच फाइलपुरतं काम असेल तर ती कुणालाही जमते. खरी कसोटी लागते ती प्रकल्पात शेकडो शीट असतात, ती सात-आठ जणांनी काढलेली असतात आणि त्या सगळ्या शीटवर एकाच नावाचा लेयर एकसारखाच वागायला हवा असतो तेव्हा.

मी पुण्यात एका इलेक्ट्रिकल कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्रॉइंग तपासते. त्याआधी भोसरीला पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्टिंग करत होते. तपासायला आलेल्या फाइलमधले दिवे मोजण्याआधी मी लेयर पाहते. नव्याने आलेल्या मुलांना हे उलटं वाटतं. त्यांच्या मते दिवा जागेवर आहे, सर्किटचा नंबर बरोबर आहे, मग तो कुठल्या लेयरवर आहे याने काय बिघडतं? याचं उत्तर त्यांना मी पडद्यावर देत नाही, छापलेला कागद हातात देते. कारण साइटवर पडदा नसतो. तिथे पोचतो तो काळा-पांढरा कागद, तोही पुष्कळदा ए-वनवरून ए-थ्रीवर लहान केलेला आणि त्याची पुन्हा झेरॉक्स काढलेला.

माझी पहिली तपासणी क्षणभराची असते. सगळे लेयर उघडते, सगळं सिलेक्ट करते आणि प्रॉपर्टीजच्या चौकटीत रंगाच्या रकान्यात काय येतं ते बघते. तिथे ‘बायलेयर’ आलं की जीव भांड्यात पडतो. याचा अर्थ कुठल्याही रेघेने स्वतःचा वेगळा रंग घेतलेला नाही. लेयर जो सांगेल तो तिचा रंग. ‘व्हेरीज’ आलं तर समजायचं की कुणीतरी काही रेघा हाताने रंगवल्या आहेत. मग जाडीचा रकाना, मग रेघेच्या प्रकाराचा. ब्लॉकच्या, म्हणजे अनेक रेघांचं एकत्र बांधलेल्या चिन्हाच्या, पोटात लपलेलं यात दिसत नाही, ते वेगळं उघडून पाहावं लागतं. पण या तीन रकान्यांवरूनच फाइल कुणाच्या शिस्तीत वाढली आहे ते कळतं.

हाताने रंगवलेल्या रेघेने काय होतं, ते एका उदाहरणाने सांगते. एका रुग्णालयाच्या कामात लाइटिंगची शीट दुसऱ्या ऑफिसने काढली होती. रुग्णालयात काही दिवे नेहमीच्या सर्किटवर असतात आणि काही इमर्जन्सीवर, म्हणजे वीज गेली तरी जिना, कॉरिडॉर, ऑपरेशन थिएटरकडची वाट उजळलेली राहावी म्हणून युपीएस किंवा जनरेटरवर घेतलेले. त्या फाइलमध्ये दोन्ही प्रकारचे दिवे एकाच लेयरवर होते. इमर्जन्सीचे दिवे सिलेक्ट करून त्यांना लाल रंग दिलेला होता. पडद्यावर बघणाऱ्याला शंका यायचं कारणच नव्हतं, लाल ते इमर्जन्सी. कागदावर सगळं काळं आलं, एकाच जाडीचं. वायरमनने कॉरिडॉरमधले दिवे जवळच्या नेहमीच्या सर्किटला लूप करून टाकले. त्याची काही चूक नव्हती, त्याला मिळालेल्या कागदावर दोन प्रकारचे दिवे नव्हतेच. फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आधी तपासणीत ते लक्षात आलं म्हणून तारा परत ओढता आल्या. इमर्जन्सीच्या दिव्यांना स्वतंत्र लेयर असता, त्याला जाड रेघ असती आणि दिव्याच्या चिन्हातच फरक असता, तर झेरॉक्सच्या झेरॉक्समध्येही तो दिसला असता.

म्हणून मी मुलांना सांगते, रेघेला स्वतःचा रंग द्यायचा नाही. वेगळेपण दाखवायचं असेल तर वेगळा लेयर करा. रंग लेयरचा, जाडी लेयरची.

रंग आणि जाडी यांची कॅडमध्ये एवढी सांगड का पडली, याला इतिहास आहे. हाताने ड्रॉइंग काढायचे तेव्हा जाडी पेनमधून यायची. ट्रेसिंगवर शाईने काढताना प्रत्येक जाडीला वेगळं पेन, आणि पेनच्या अंगावर जाडी ओळखायला रंगाची पट्टी. ०.१८ मिलिमीटरला लाल, ०.२५ ला पांढरी, ०.३५ ला पिवळी, ०.५ ला तपकिरी, ०.७ ला निळी. हे आकडे मनाला येतील तसे ठरवलेले नाहीत. प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या साधारण १.४ पट आहे, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतकी. ए-मालिकेतले कागदही याच प्रमाणात लहान होत जातात. त्यामुळे ए-वनचं ड्रॉइंग ए-टूवर आणलं की ०.३५ ची रेघ साधारण ०.२५ ची होते, ए-थ्रीवर आणलं की जवळजवळ ०.१८ ची. म्हणजे लहान केलेल्या कागदावरही त्याच पेनांनी दुरुस्ती करता येते. ज्यांनी हे बसवलं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. आजही लेयरच्या जाड्या ठरवताना मी हीच मालिका घेते आणि आधी ए-थ्रीचा विचार करते. जी रेघ ए-वनवर ०.१३ ची आहे ती ए-थ्रीवर निम्मी होते आणि झेरॉक्समध्ये नाहीशी होते. साइटवर वाचलं जाणारं काहीही मी ए-वनवर ०.२५ च्या खाली ठेवू देत नाही.

पुढे ऑटोकॅड आलं, १९८२ साली. त्या काळचे प्लॉटर खरोखरचं पेन धरून कागदावर रेघ ओढायचे. कुठल्या रेघेला कुठलं पेन हे प्लॉटरला सांगायचं तर काहीतरी खूण हवी, आणि ती खूण झाली रंग. पडद्यावरचा रंग क्रमांक एक म्हणजे लाल, त्याला पेन क्रमांक एक. दोन पिवळा, तीन हिरवा, चार आकाशी, पाच निळा, सहा जांभळट गुलाबी, सात पांढरा. जाडी हा लेयरचा स्वतःचा गुणधर्म झाला तो ऑटोकॅड २००० मध्ये, १९९९ साली. तोवर जाडी हवी तर रंगच बदलायचा, ही सवय सगळ्यांच्या हातात बसून गेली होती. ती अजून गेलेली नाही. बहुतेक ऑफिसांत आजही ‘सीटीबी’ नावाची एक फाइल असते आणि त्यात कोणता रंग कागदावर किती जाड छापायचा हे लिहिलेलं असतं. ड्रॉइंग पाठवताना ही फाइल सोबत जायची राहिली की पलीकडच्या माणसाकडे सगळ्या जाड्या बदलतात. रंगीत प्रिंट काढली तर पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर दिसतही नाहीत. काळ्या पडद्यावर त्याच सगळ्यांत उठून दिसत होत्या.

विजेच्या ड्रॉइंगमध्ये ही सवय आणखी एका कारणाने घातक ठरते, आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. आपल्याकडे तीन फेज म्हणजे आर, वाय, बी: लाल, पिवळा, निळा. न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. पॅनेलचं ड्रॉइंग काढणारा साहजिकच आर फेजची रेघ लाल काढतो, वाय पिवळी, बी निळी. पण त्या ऑफिसच्या सीटीबीत लाल म्हणजे ०.१८, पिवळा म्हणजे ०.३५ आणि निळा म्हणजे ०.५ असं ठरलेलं असेल, तर कागदावर एकाच केबलचे तीन फेज तीन जाड्यांचे छापले जातात. मी अशी शीट पाहिली आहेत. ती वाचणाऱ्याला वाटतं, बी फेजला जाड वायर घालायची आहे. एकाच रंगाकडून दोन वेगळ्या गोष्टी वदवून घ्यायला गेलं की असं होतं. यावर उपाय सोपा आहे. फेजचा रंग पडद्यापुरता राहू द्यावा, पण सीटीबीत प्रत्येक रंगापुढे ‘वस्तूची जाडी वापर’ असं लिहावं आणि जाडी लेयरला द्यावी. तिन्ही फेजच्या लेयरना एकच जाडी. आणि फेज ओळखायला कागदावर आर, वाय, बी ही अक्षरं लिहिलेली असावीतच, रंग दिसो वा न दिसो.

भोसरीला असताना परदेशी जाणारी पॅनेलं आमच्याकडे असायची, तिथे लेयरची किंमत मला जास्त कळली. ब्रिटनमध्येही एके काळी आपल्यासारखेच लाल, पिवळा, निळा फेज आणि काळा न्यूट्रल होता. युरोपशी मेळ घालण्यासाठी त्यांनी २००४ साली इमारतींच्या वायरिंगचा नियम बदलला आणि १ एप्रिल २००६ पासून नव्या कामात तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल हे सक्तीचं झालं. म्हणजे आपल्याकडे जो निळा फेज, तो तिकडे न्यूट्रल. आपला काळा न्यूट्रल तिकडे फेज. इथला अनुभवी वायरमन तिथल्या पॅनेलमध्ये नुसत्या रंगावर विसंबला तर जिवाशी गाठ आहे. ज्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक फेजला आपला लेयर होता आणि सगळ्या रेघा बायलेयर होत्या, तिथे हा बदल लेयरच्या यादीतल्या चार ओळींत व्हायचा. जिथे रेघा हाताने रंगवलेल्या, तिथे एकेक शीट उघडून एकेक रेघ शोधत बसायचं, आणि एखादी राहिली नाही ना, ही धास्ती पॅनेल पाठवेपर्यंत जायची नाही.

पॅनेलच्या कामासाठी ‘ऑटोकॅड इलेक्ट्रिकल’ वापरणाऱ्यांना तर लेयर टाळताच येत नाही. त्यात साधी रेघ आणि वायर यांत फरक फक्त लेयरचा असतो. वायरसाठी ठरवलेल्या लेयरवर काढली तर ती वायर, नाहीतर नुसती रेघ. लेयरच्या नावात आपण वायरचा रंग आणि जाडी लिहितो, दीड स्क्वेअर (म्हणजे चौरस मिलिमीटर) काळी, अडीच स्क्वेअर लाल. सॉफ्टवेअर त्यावरून वायरला नंबर देतं आणि कुठून कुठे जायचं याची यादी काढतं. त्या यादीवरून फेरूल छापल्या जातात, वायरच्या टोकाला चढवायच्या त्या नंबरच्या छोट्या नळ्या. एखाद्या मुलाने घाईत दुसऱ्या फाइलमधून रेघ चिकटवली आणि ती चुकीच्या लेयरवर बसली, तर कागदावर ती वायरसारखीच दिसते, पण तिला नंबर मिळत नाही, ती यादीत येत नाही, तिची फेरूल छापली जात नाही. शॉप फ्लोअरवर वायरिंग करणारा यादीवरून काम करतो. त्याच्या दृष्टीने ती वायर अस्तित्वातच नाही.

चिकटवण्यावरून आठवलं. फाइली बिघडतात त्या बहुतेक इथेच. दिव्यांच्या कंपनीने दिलेला ब्लॉक आणला की त्याच्यासोबत त्यांचे लेयर येतात. जुन्या प्रकल्पातून एक जिना उचलला की त्या प्रकल्पाचे येतात. ‘लाइट’, ‘लाइट्स’, ‘लाइटिंग-नवीन’, ‘टेस्ट’, आणि कुणाकुणाच्या नावाचेही लेयर. माणसाला ‘लाइट’ आणि ‘लाइट्स’ एकच वाटतात. कॉम्प्युटरला ते दोन वेगळे लेयर आहेत आणि एक बंद केला तरी दुसरा दिसत राहतो. उलट नाव तंतोतंत एकच असेल तर चिकटवताना जिथे चिकटवलं त्या फाइलचे गुणधर्म टिकतात आणि आणलेल्या वस्तू मुकाट्याने तिथला रंग-जाडी घेतात. म्हणून सगळी मदार नावांवर. अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने १९९० साली लेयरच्या नावांची पद्धत प्रसिद्ध केली, १९९८ साली लेयरच्या नावांचं आंतरराष्ट्रीय मानकही आलं. अमेरिकेतल्या पद्धतीचा विचार असा: नावात आधी शाखा, मग यंत्रणा, मग बारकावा. इलेक्ट्रिकलचा ‘ई’, मग लाइटिंग किंवा पॉवर, मग इमर्जन्सी वगैरे. आम्ही त्याच धर्तीवर नावं ठेवतो आणि शेवटी एक अक्षर स्थितीचं: नवीन, जुनं ठेवायचं, जुनं काढायचं.

हे शेवटचं अक्षर चालू इमारतीतल्या दुरुस्तीत फार मोलाचं असतं. काढून टाकायच्या केबल तुटक रेघेने दाखवतात, ठेवायच्या सलग. पण तुटक रेघेतल्या फटी किती मोठ्या हे एका वेगळ्या मापावर अवलंबून असतं आणि ते माप चुकलं की फटी इतक्या बारीक होतात की रेघ सलगच छापली जाते. लेयर बरोबर, नाव बरोबर, गुणधर्म बरोबर, आणि तरी कागदावर मेलेली केबल जिवंत दिसते. त्यामुळे तुटक रेघा मी कागदावर पाहिल्याशिवाय सही करत नाही.

आणखी एक अडचण दुसऱ्यांच्या फाइलींची. आर्किटेक्टचं ड्रॉइंग आम्ही आमच्या ड्रॉइंगखाली जोडतो, त्याला एक्सरेफ म्हणतात. त्यांच्या भिंती आमच्याकडे फिकट करड्या करतो, म्हणजे आमचं काम वर उठून दिसतं. त्यांनी सुधारित फाइल पाठवली तरी आम्ही केलेला करडा रंग टिकावा अशी सोय आहे. पण ती नावावर चालते. त्यांच्या ऑफिसात कुणी लेयरचं नाव बदललं की तो लेयर आमच्यासाठी नवा ठरतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या भिंती भडक रंगात, जाड रेघांत आमच्या वायरिंगवर चढून बसतात. आर्किटेक्टना यात दोष देण्यासारखं काही नाही. त्यांच्या फाइलच्या आधारावर आणखी चार ऑफिसं उभी आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आता प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीतच आम्ही सांगतो की लेयरची नावं बदलायची तर आधी कळवा.

मग हे सगळं सांभाळायचं कसं? मी कामाला लागले तेव्हा ऑफिसात भिंतीवर लेयरचा तक्ता लावलेला असे. तसे तक्ते मी अनेक ऑफिसांत पाहिले आणि तक्त्याखाली बसलेला माणूस घाईच्या वेळी तो बघत नाही, हेही पाहिलं. संध्याकाळी सहाला ड्रॉइंग द्यायचं असताना कुणीही हाताशी असेल तोच लेयर वापरणार. त्याला बोलून उपयोग नाही. नियम फाइलमध्येच हवा. नवी फाइल उघडली की आमचे सगळे लेयर आपल्या गुणधर्मांसह तयार असतील असं टेम्प्लेट द्यायचं. दिव्याचं चिन्ह उचललं की ते आपोआप आपल्या लेयरवर जाऊन बसेल असं टूल पॅलेट बनवायचं. प्रमाण लेयरची एक फाइल ठेवून प्रत्येक ड्रॉइंग तिच्याशी ताडून पाहायचं. ऑटोकॅडमध्ये ही सोय आहे, ती फरक दाखवते आणि दुरुस्तही करते. बाहेरून आलेल्या फाइलसाठी त्यांचा कोणता लेयर म्हणजे आमचा कोणता, याची जोडी एकदा लावून ठेवायची, की पुढच्या वेळी रूपांतर लगेच होतं. ‘सेटबायलेयर’ ही आज्ञा हाताने दिलेले रंग काढून टाकते, पण ती आंधळेपणाने चालवू नये. त्या रुग्णालयाच्या फाइलवर कुणी ती चालवली असती तर इमर्जन्सीचे दिवे ओळखायची पडद्यावरची एकुलती एक खूणही गेली असती. आधी वस्तू योग्य लेयरवर न्यायच्या, मग रंग काढायचा.

ज्या छोट्या ऑफिसांना हे सगळं परवडत नाही किंवा जी ऑटोकॅडऐवजी दुसरं स्वस्त कॅड वापरतात, त्यांच्यासाठी माझा आग्रह स्क्रिप्टचा. नोटपॅडमध्ये लिहिलेली साधी फाइल असते. तिच्यात एकेका ओळीत लेयरचं नाव, रंग, जाडी लिहायची. ती चालवली की लेयर नसेल तर तयार होतो, असेल तर त्याचे गुणधर्म ठरल्याप्रमाणे होतात. महिन्याच्या शेवटी प्रकल्पाच्या सगळ्या शीटवरून ती फिरवावी.

आणि शिकवताना एक गोष्ट मी कधी वगळत नाही. लेयर ‘ऑफ’ करणं आणि ‘फ्रीझ’ करणं पडद्यावर सारखंच दिसतं. पण पुसायची आज्ञा देऊन ‘ऑल’ टाइप केलं, तर ऑफ केलेल्या लेयरवरचं न दिसणारं कामही पुसलं जातं. फ्रीझ केलेलं वाचतं. आठवड्याचं काम असं गेलेली मुलं मी पाहिली आहेत. जे दिसायला नको पण जायलाही नको, ते फ्रीझ करावं.

या सगळ्याचा घरात राहणाऱ्यांशी संबंध काम संपल्यावर येतो. बिल्डर सोसायटीला इमारत ताब्यात देतो तेव्हा ‘ॲज बिल्ट’ ड्रॉइंग देतो, म्हणजे प्रत्यक्षात जसं काम झालं तसं. पुष्कळ सोसायट्यांना कागदाची एक गुंडाळी मिळते आणि ती मीटर रूममध्ये ओलीने खराब होते. पुढे लिफ्टची केबल बदलायची असते, गाड्या चार्ज करायला पॉइंट हवे असतात, सोलर बसवायचं असतं, आणि भिंतीतून काय गेलंय हे कुणालाच ठाऊक नसतं. कमिटीत असाल तर ताबा घेताना डीडब्ल्यूजी, म्हणजे मूळ कॅडच्या, फाइली मागा. त्यांच्यासोबत सीटीबी फाइल आणि लेयरची यादी मागा, यादीत प्रत्येक नावापुढे त्याचा अर्थ मराठीत किंवा इंग्रजीत लिहून घ्या. आणि पीडीएफ देत असतील तर ती लेयरसह बनवलेली मागा. कॅडमधून तशी पीडीएफ सहज निघते आणि ती बघायला कॅड लागत नाही. लेयर दाखवणाऱ्या पीडीएफ वाचकात लेयरची यादी उघडते. त्यातल्या भिंती आणि अर्थिंग तेवढं ठेवून बाकी सगळं बंद केलं की तुमच्या इमारतीची अर्थची पट्टी कुठून कुठे गेली आहे ते तुम्हालाच दिसतं.